घरातल्या घरात

“भाऊ, घरनी वस्तू घरमाच राहिनी, मंग स्टँप कसाना?”

धरणगाव रस्त्यावरच्या एका जिनिंगच्या ओसरीवर एका वृद्ध शेठजींनी मला हा प्रश्न विचारला, त्याला आता बरीच वर्षं झाली. कपाशीचा हंगाम उतरणीला लागला होता. आवारात सरकीचा ढीग होता, वाऱ्यावर रुईचे तंतू उडत होते आणि सतरंजीवर आमच्या दोघांमध्ये दोन कागद पडले होते. एक भागीदारी पेढीचा ताळेबंद, दुसरा जिनखालच्या जमिनीचा सातबारा. दोन भाऊ, चार मुलगे. पेढीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करायची, पुढे थोरल्याकडच्यांनी तेलाचं बघायचं आणि धाकट्याकडच्यांनी जिनचं, असा बेत होता. माणसं तीच, मशीन तीच, आवार तेच. बाहेरचा कोणी घेणारा नाही, बाहेर कोणाला देणं नाही. मग सरकारने मुद्रांक शुल्क मागायचंच कशाला?

याचं उत्तर एका वाक्यात देता येणार नाही, असं मी म्हणालो, तेव्हा शेठजींना वाटलं मी फी वाढवतोय. ते उत्तर द्यायला किती पानं लागतात, हे आता या पुस्तकाने दाखवून दिलं आहे. कंपन्यांचं विलीनीकरण आणि विभाजन, शेअरचं हस्तांतरण, पेढीची कंपनी होणं, आणि या प्रत्येक ठिकाणी मुद्रांक शुल्कातून मिळणारी किंवा न मिळणारी सूट, हा या पुस्तकाचा विषय. तो रूक्ष आहे हे मान्यच करतो. पण जळगाव-धुळ्याकडे ज्यांच्या घरात धंदा आहे, त्यांच्या घरात आज ना उद्या हा विषय जेवणाच्या ताटावर येतोच.

मुळात एक गोष्ट मनात पक्की बसली पाहिजे. मुद्रांक शुल्क व्यवहारावर लागत नाही, दस्तावर लागतं. शेताचे पैसे कोणी कोणाला दिले, भाऊ भावाशी कसा वागला, यात मुद्रांक कायद्याला रस नसतो. कागद कोणता आणि त्या कागदाने काय घडलं, एवढंच तो बघतो. १८९९ च्या भारतीय मुद्रांक कायद्यापासून हे सूत्र चालत आलं आहे. १९५८ साली मुंबई राज्याने स्वतःचा कायदा केला, तोच आज महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम म्हणून ओळखला जातो, आणि त्यातही सूत्र तेच. म्हणून वडील वारल्यावर वारसांची नावं सातबाऱ्यावर चढतात तेव्हा मुद्रांक लागत नाही, कारण हक्क देणारा दस्तच नसतो. तीच जमीन वडिलांनी हयातीत एका मुलाच्या नावे करून दिली, तर दस्त होतो आणि शुल्काचा प्रश्न येतो. वस्तू दोन्ही वेळा घरातच राहिली.

कागदाचं हे माहात्म्य आपल्याकडे नवं नाही. स्टँप पेपर छापणारा भारत प्रतिभूती मुद्रणालयाचा कारखाना नाशिकरोडला, आपल्या रेल्वेच्या वाटेवरच. बनावट स्टँप पेपरचं तेलगी प्रकरण उघडकीला आलं तेव्हा त्या कागदाची किंमत साऱ्या देशाला कळली. त्यानंतर फ्रँकिंग आलं, ऑनलाइन चलन आलं, कोर्टाच्या आवारातल्या मुद्रांक विक्रेत्यासमोरची रांग आखडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराच्या स्टँपवर होणारी बरीच कामं पाचशेवर गेली. कागदाचं रूप असं बदलत गेलं, तरी दस्तावर शुल्क हे सूत्र जिथल्या तिथे राहिलं.

कंपन्यांच्या जगात हे सूत्र कसं चालतं, ते पाहायला मुंबईला जायची गरज नाही. अमळनेरला गेलं तरी पुरे. २९ डिसेंबर १९४५ रोजी एम. एच. हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड ही कंपनी स्थापन केली आणि अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना उभा राहिला. भोवताली भुईमूग पिकायचा, रेल्वे दाराशी होती. १९६६ साली वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजींनी कारभार हाती घेतला. पुढे कंपनीचं नाव आखडत विप्रो झालं, धंदा तेलातून संगणकात गेला, मुख्यालय बंगळुरूला गेलं. अमळनेरच्या अनेक घरांनी मात्र तेव्हा घेतलेले शेअर पेटीत जपून ठेवले आणि त्या शेअरच्या कथा गावात अजून सांगितल्या जातात.

२०१३ साली याच विप्रोचं विभाजन झालं. संगणकाचा धंदा विप्रो लिमिटेडमध्ये राहिला. साबण, दिवे, हायड्रॉलिक्स आणि वैद्यकीय उपकरणं हे सगळं विप्रो एंटरप्रायझेस या वेगळ्या, शेअर बाजारात न नोंदवलेल्या कंपनीत गेलं. योजनेला मंजुरी दिली कर्नाटक उच्च न्यायालयाने. भागधारकाला पर्याय होते. विप्रोच्या दर पाच शेअरमागे नव्या कंपनीचा एक शेअर घ्यावा, किंवा ५० रुपयांचा ७ टक्क्यांचा प्रेफरन्स शेअर घ्यावा, किंवा नव्या कंपनीचे मिळणारे शेअर प्रवर्तकांना देऊन बदल्यात विप्रोचेच आणखी शेअर घ्यावेत. प्रवर्तक तेच, अमळनेरचा कारखाना आपल्या जागेवरून इंचभर हलला नाही, कामगार दुसऱ्या दिवशी त्याच भोंग्यावर आत गेले. शेठजींच्या भाषेत सांगायचं तर वस्तू घरातच राहिली. कायद्याच्या नजरेत मात्र एका कंपनीची मालमत्ता दुसऱ्या कंपनीची झाली, आणि ती करणारा कागद होता न्यायालयाचा आदेश.

न्यायालयाचा आदेश हा दस्त कसा होईल, असा प्रश्न कोणालाही पडेल. आदेश तर न्यायाधीशाने दिलेला, पक्षकारांनी सही करून केलेला नव्हे. यावर मोठी लढाई झाली आणि तीही तेलाच्याच धंद्यातून. टाटा ऑइल मिल्स, म्हणजे हमाम आणि ५०१ साबणाची टॉमको, हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली. महाराष्ट्राने १९९३ साली कायद्यात दुरुस्ती करून विलीनीकरणाचा न्यायालयीन आदेश ‘अभिहस्तांतरण’ या व्याख्येत घातला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००३ साली निकाल लागला. विलीनीकरणाच्या मुळाशी दोन्ही कंपन्यांच्या भागधारकांची संमती असते, आदेश त्या संमतीवर शिक्का मारतो आणि त्या आदेशाने मालमत्ता हस्तांतरित होते. म्हणून तो दस्त आहे आणि राज्याला त्यावर शुल्क घेता येतं, असं न्यायालयाने म्हटलं. या पुस्तकाचा निम्मा भाग त्या निकालाच्या पायावर उभा आहे.

दुसरा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा, २०१६ चा. रिलायन्स पेट्रोलियम रिलायन्स इंडस्ट्रीजमध्ये विलीन झाली, तेव्हा एक आदेश मुंबईचा होता आणि एक गुजरातचा. गुजरातेत दहा कोटी भरले आहेत, महाराष्ट्राच्या पंचवीस कोटींतून ते वजा करा, अशी कंपनीची मागणी होती. व्यवहार एकच आहे, हा तिचा मुद्दा. पूर्णपीठाने तो मानला नाही. व्यवहार एक असेल, पण दस्त दोन आहेत. खान्देशातल्या उद्योजकाने हे वाक्य दोनदा वाचावं. आपली सीमा गुजरात आणि मध्य प्रदेश दोन्हींना लागून आहे, नवापूर ओलांडलं की राज्य बदलतं. कारखाना धुळ्याला आणि नोंदणीकृत कार्यालय सुरतेला, अशी रचना असेल, तर परराज्यातल्या आदेशाची प्रत महाराष्ट्रात आल्यावर इथल्या मालमत्तेपुरतं इथलं शुल्क बघावं लागतं, आणि त्यासाठी कायद्याने दिलेली मुदत तीन महिन्यांची आहे.

आता आकडे. विलीनीकरणाच्या आदेशावर महाराष्ट्रात मूळ दर भीतीदायक आहे. बदल्यात दिलेल्या शेअरची बाजारकिंमत आणि इतर मोबदला यांच्या बेरजेवर १० टक्के. पण त्याच कलमात कमाल मर्यादाही आहे. वर्ग होणाऱ्या कंपनीच्या महाराष्ट्रातल्या स्थावर मालमत्तेच्या बाजारमूल्याचे ५ टक्के, किंवा त्या बेरजेचे ०.७ टक्के, यांतली जी रक्कम जास्त, तिच्या वर शुल्क जात नाही. समजा, जळगावची एक डाळमिल कंपनी दुसरीत विलीन होते. तिची जागा आठ कोटींची आणि बदल्यात दिलेल्या शेअरची किंमत तीस कोटी. दहा टक्क्यांनी तीन कोटी होतात. जागेचे ५ टक्के म्हणजे ४० लाख, शेअरचे ०.७ टक्के म्हणजे २१ लाख. भरायचे ४० लाख. तीन कोटी ऐकून ज्याची झोप उडाली होती, तो चाळीस लाखांवर सुटतो. पण सुटतो म्हणजे माफी मिळते असं नव्हे.

२०२४ साली रेमंडच्या विभाजनात हेच कलम जळगावकरांच्या दाराशी येऊन ठेपलं. १९७९ पासून जळगावच्या औद्योगिक वसाहतीत असलेला रेमंडचा कारखाना कापडाच्या धंद्याचा भाग. तो धंदा राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या आदेशाने रेमंड लाइफस्टाइल या वेगळ्या कंपनीत गेला. रेमंडचे पाच शेअर असणाऱ्याच्या डीमॅट खात्यात नव्या कंपनीचे चार शेअर आपोआप जमा झाले. खातेदाराला कुठे सही करावी लागली नाही, स्टँप लावावा लागला नाही. कागदाचा सगळा भार कंपनीने उचलायचा असतो. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी वकिलांची फौज असते, आपल्याकडे असतो एक सीए आणि एक दस्तलेखक. हे पुस्तक या दोघांसाठी आहे.

इथवर वाचून कोणी विचारेल, एकाच मालकाच्या दोन कंपन्यांमध्ये तरी माफी नको का? हा प्रश्न जगभर विचारला गेला आहे. इंग्लंडने १९३० साली त्याला होकारार्थी उत्तर दिलं. एका कंपनीचं दुसरीत ९० टक्के भागभांडवल असेल, किंवा दोघींचा मालक तिसरी कंपनी असेल, तर त्यांच्यातल्या हस्तांतरणाला शुल्क माफ. पुढे तिथे ही अट ७५ टक्क्यांवर आली. हाच विचार भारतात १९३७ च्या अधिसूचनेने आला, आणि २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ती अजून जिवंत असल्याचं सांगितलं. दिल्लीतल्या कंपनीला म्हणूनच ‘घरातल्या घरात’ असं म्हणायची मुभा मिळाली. महाराष्ट्राचा कायदा स्वतंत्र, त्यामुळे ती अधिसूचना इथे चालत नाही. शेठजींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. तुमचा युक्तिवाद मूर्खपणाचा नाही, तो फक्त आपल्या राज्याने मान्य केलेला नाही. सार्वजनिक हितासाठी शुल्क कमी किंवा माफ करण्याचा अधिकार राज्य सरकारला कायद्यानेच दिलेला आहे, त्यामुळे तो कधीच मान्य होणार नाही असंही नाही.

जमीन सोडून शेअरकडे वळलं की हवाच बदलते. जुन्या लोकांना आठवत असेल, शेअर विकताना हस्तांतरणाच्या फॉर्ममागे छोटे चिकट स्टँप ओळीने लावत. रक्कम मोठी असली की मागची बाजू पुरत नसे, मग जादा कागद जोडायचा. प्रत्येक स्टँपवर आडवी रेघ मारून तो रद्द करायचा. एखादा रेघेविना राहिला, तर फॉर्म परत. माझ्या उमेदवारीतल्या कित्येक दुपारी जिभेला गोंदाची चव घेत गेल्या. शेवटी दर होता शंभराला २५ पैसे. केंद्राने कायदा बदलला आणि १ जुलै २०२० पासून साऱ्या देशात एकच दर आला. शेअर हस्तांतरणाला ०.०१५ टक्के, नवे शेअर काढायला ०.००५ टक्के. चाळीस लाखांच्या शेअरला पूर्वी दहा हजार लागत, आता सहाशे रुपये लागतात. मात्र त्याआधी डीमॅटमधल्या हस्तांतरणाला शुल्क नव्हतं, तिथे आता मोबदला घेऊन दिलेल्या शेअरला ते लागतं. मोबदला न घेता डीमॅटमधून बापाने लेकीला शेअर दिले, तर लागत नाही.

या दोन दरांमधल्या दरीतच या विषयाची सगळी गंमत आणि सगळा धोका आहे. दहा कोटींची जागा महापालिका हद्दीत खरेदीखताने घेतली, तर साधारण ६ टक्क्यांनी साठ लाख जातात. तीच जागा ज्या कंपनीच्या नावे आहे, तिचे दहा कोटींचे शेअर घेतले, तर पंधरा हजार. हे कळल्यावर प्रत्येकाला वाटतं, सगळी जमीन कंपनीत टाकून मोकळं व्हावं. तीन गोष्टी विसरल्या जातात. जमीन कंपनीत टाकतानाच शुल्क लागतं. शेअर कमी किमतीने दिले, तर आयकर खातं खऱ्या किमतीने हिशोब मांडतं. आणि शेअरच्या आडून दुसरंच काही विकलं जात असेल, तर न्यायालय आडोसा बाजूला सारतं. हनुमान व्हिटॅमिन फूड्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हेच केलं. गृहनिर्माण सोसायटीचे शेअर विकण्याचा करार म्हणजे फ्लॅट विकण्याचाच करार, त्यामुळे शुल्कही स्थावराचं. कंपनीचा शेअर आणि सोसायटीचा शेअर यांत फरक आहे, तो नेमका कुठे आहे याचं विवेचन या पुस्तकात सविस्तर आलं आहे.

आता आपल्याकडचा सर्वांत नेहमीचा प्रश्न, पेढीची कंपनी करण्याचा. खान्देशात धंद्याचा जन्म पेढीत होतो. भवरलाल जैन यांनी १९६३ साली सात हजार रुपयांवर रॉकेलच्या विक्रीने सुरुवात केली, १९७८ मध्ये बंद पडलेला केळी भुकटीचा कारखाना घेतला, पाइप आले, आणि जैन इरिगेशन ही कंपनी १९८६ ची. २०२३ साली याच कंपनीने परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्ह्यूलिसमध्ये विलीन केला. हजारो कोटींचा तो व्यवहार, पण त्यात जळगावची गुंठाभरही जमीन हलली नाही. बाकीच्यांची वाट इतकी लांब नसते, पण पहिलं पाऊल तेच असतं.

या पहिल्या पावलावर कायदा बराच उदार आहे. भागीदारीने कंपनी कायद्याखाली स्वतःचीच कंपनी म्हणून नोंदणी केली, तर पेढीची मालमत्ता कायद्याच्या बळावर कंपनीत निहित होते. वेगळं खरेदीखत लागत नाही. यावरचा बहुतेक वेळा सांगितला जाणारा निकाल आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचा, १९८४ चा, आणि योगायोग असा की तो श्री रामानुज जिनिंग अँड राइस फॅक्टरीचा आहे. एका जिनच्याच प्रकरणाने देशभरच्या पेढ्यांना वाट करून दिली. पूर्वी यासाठी सात भागीदार लागत, २०१८ पासून दोन पुरतात. मात्र निहित होते ती पेढीची मालमत्ता. जी पेढीची नाहीच, ती कंपनीची कशी होणार? आणि भागीदाराने स्वतःची जमीन आता नव्याने पेढीत आणली, तर महाराष्ट्रात त्या भागीदारीपत्रालाच खरेदीखतासारखा दर लागतो.

खऱ्या अर्थाने माफी म्हणावी अशा जागा थोड्या आहेत, पण आपल्या भागाला त्या उपयोगाच्या आहेत. १९६४ पासून चालत आलेल्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यांचे विकासानुसार गट पाडले आहेत आणि मागास गटांतल्या पात्र नव्या किंवा विस्तारित उद्योगांना मुद्रांक शुल्कातून सूट मिळते. इथे एक गल्लत नेहमी होते. ही सूट गुंतवणुकीला आहे, जुन्या उद्योगाच्या मालकीबदलाला नाही. सहकारी संस्थांसाठी सहकार कायद्यात सरकारला सूट देण्याचा अधिकार आहे. राहतं घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुलगा-मुलगी, नातवंडं किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीसपत्राने दिली, तर मूळ मुद्रांक शुल्क दोनशेच रुपये. त्या यादीत भाऊ नाही आणि जिनिंगचं शेडही नाही. एमआयडीसीतला प्लॉट तर ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा. तिथे मुद्रांकाशिवाय महामंडळाची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क हा वेगळाच दरवाजा आहे.

वाचकाने हे पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं असा आग्रह मी धरणार नाही. आधी आपल्या घरातले कागद काढावेत. जमीन कोणाच्या नावावर आहे, पेढीच्या ताळेबंदात काय आहे, शेअर कागदावर आहेत की डीमॅटमध्ये, हे एका पानावर लिहावं आणि मग त्या-त्या प्रकरणाकडे जावं. शंका असेल तिथे दस्त मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयाला न्यावा. शुल्क किती, हे तिथे अधिकृतपणे ठरतं आणि मागाहून कोणी विचारायला येण्याची शक्यता कमी होते. कमी भरलेल्या शुल्कावर दरमहा २ टक्के दंड चढतो आणि तो तुटीच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. २०२३ च्या डिसेंबरात अभय योजना आली तेव्हा १९८० सालापासूनचे दस्त लोकांनी ट्रंकांतून बाहेर काढले. त्यांतल्या बहुतेकांनी शुल्क बुडवायचं म्हणून बुडवलेलं नव्हतं. घरचंच आहे, बघू पुढे, एवढंच मनात होतं.

शेवटी त्या सतरंजीवरच्या दोन कागदांकडे येतो. ताळेबंद मी पुन्हा एकदा वाचला. त्यात शेड होतं, प्रेस होतं, वजनकाटा होता. जमीन नव्हती. सातबाऱ्यावर शेठजींच्या वडिलांचं नाव होतं, आणि ते जाऊन वीस वर्षं झाली होती. म्हणजे ज्या जमिनीवर जिन उभं होतं, ती पेढीची कधी झालीच नव्हती. पेढीची कंपनी झाली, तरी ती कंपनीत जाणार नव्हती. आधी वारसनोंद करून घ्या, तिला स्टँप नाही, असं मी म्हणालो. मग पेढीची कंपनी करा. जमीन घरच्यांच्या नावे राहू द्या आणि कंपनीला भाडेपट्ट्याने द्या. पट्टा जितका लांबचा तितकं शुल्क जास्त, तेव्हा मुदत विचाराने ठरवा.

शेठजींनी सातबारा उचलला, वडिलांच्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. मग धाकट्या भावाला हाक मारून म्हणाले, “आबा, बापूनं नाव आजून हाऊ कागदवरच शे.”